खतावणी बदला, पण कुलूप तेच ठेवा
संगणकावरील हिशेबाची फाईल सुरक्षित कशी लिहावी?

जुनी खतावणी भरली की पेढीवरचे मुनीम काय करीत असत, ते आठवून पाहा. जुन्या वहीतले आकडे खोडून त्यावरच नवे आकडे ते लिहीत नसत. कोरी वही घेत, प्रत्येक गिऱ्हाइकाची येणे-बाकी तीत उतरवीत, बेरीज जुळवीत, मालकाला दाखवीत, आणि मगच नवी वही गादीवर येई. तोपर्यंत जुनी वही जशीच्या तशी जागेवर असे. मध्येच दिवा विझला किंवा मुनीम आजारी पडले तरी पेढीचा हिशेब बुडत नसे.

आणखी एक गोष्ट ते कोणी न सांगता करीत. जुनी वही ज्या कपाटात कुलपाखाली असे, त्याच कपाटात नवी वही जाई. किल्ली ज्यांच्याकडे होती त्यांच्याकडेच राही. वही बदलली म्हणून ती रात्रभर बाकावर उघडी पडत नसे, आणि मालकाच्या हातूनही ती निसटत नसे.

आता हिशेब संगणकावर आला आहे. वही बदलण्याचे काम वर्षातून एकदा नव्हे, दिवसातून शंभर वेळा होते. 'सेव्ह'चे बटण दाबले की दरवेळी जुन्या फाईलच्या जागी नवी फाईल येते. मुनिमांच्या या दोन्ही सवयी आता प्रोग्रॅममध्ये असायला हव्यात. चांगले प्रोग्रॅमर पहिली सवय पाळतात. परंतु पुष्कळदा असे होते, की पहिली पाळण्याच्या नादात दुसरी मोडते. फाईल अर्धवट राहत नाही, पण तिचे कुलूप बदलते. ज्यांनी तयार प्रोग्रॅम विकत घेतला आहे, ज्यांनी ओळखीच्या तरुणाकडून करवून घेतला आहे, आणि आपल्या घरातील जी मुले स्वतः प्रोग्रॅम लिहितात, त्या सर्वांनी हा विषय समजून घेण्यासारखा आहे.

सेव्ह दाबल्यावर काय होते?

साधा प्रोग्रॅम फाईल कशी लिहितो ते आधी पाहू. तो जुनी फाईल लिहिण्यासाठी उघडतो. उघडताना बहुतेक वेळा ती रिकामी करतो, म्हणजे तिची लांबी शून्य होते. नंतर पहिल्या ओळीपासून नवा मजकूर लिहू लागतो. म्हणजे काही क्षण असे असतात, की जुना हिशेब पुसला गेला आहे आणि नवा अजून आलेला नाही. नेमकी त्याच क्षणी लाईट गेली, प्रोग्रॅम बंद पडला किंवा डिस्क भरली, तर हाती रिकामी किंवा अर्धी फाईल येते.

काही बंधू म्हणतील, आमच्याकडे यूपीएस आहे. यूपीएस अवश्य ठेवावा. पण भरलेल्या डिस्कवर किंवा मध्येच कोसळलेल्या प्रोग्रॅमवर यूपीएसचा इलाज चालत नाही.

दुसरी बाब यापेक्षा लपलेली आहे. प्रोग्रॅमने 'लिहिले' म्हटले म्हणजे ते डिस्कवर गेलेच असे नाही. वेग राखण्यासाठी संगणक मजकूर आधी मेमरीत ठेवतो आणि सवडीने डिस्कवर उतरवतो. लिनक्समध्ये मजकूर अशा रीतीने मेमरीत पडून राहण्याची मूळ मुदत ३० सेकंदांच्या आसपास ठेवलेली असते. तेवढ्या वेळात वीज गेली तर पडद्यावर 'सेव्ह झाले' असे दिसलेली नोंद सकाळी सापडत नाही. मजकूर आत्ताच्या आत्ता डिस्कवर उतरव, अशी सक्ती करण्यासाठी युनिक्स व लिनक्समध्ये 'एफसिंक' नावाची आज्ञा आहे. प्रोग्रॅमरने ती मुद्दाम द्यावी लागते.

नवी वही आधी, अदलाबदल नंतर

यावरचा उपाय मुनिमांचाच आहे. जुन्या फाईलला हात लावायचा नाही. शेजारी वेगळ्या नावाने तात्पुरती फाईल करायची, सगळा नवा हिशेब तीत लिहायचा, एफसिंकने तो डिस्कवर पक्का करायचा, आणि शेवटी 'रिनेम'च्या आज्ञेने तिला जुन्या फाईलचे नाव द्यायचे. रिनेमची ही आज्ञा बर्कले विद्यापीठाच्या युनिक्समध्ये १९८३ साली आली. तिचा मोठा गुण असा, की नावाची अदलाबदल एका झटक्यात होते. त्या नावाने फाईल उघडणाऱ्याला एक तर पूर्ण जुनी फाईल मिळते किंवा पूर्ण नवी. अर्धी कधीच मिळत नाही.

यात दोन पथ्ये आहेत. तात्पुरती फाईल मूळ फाईलच्याच फोल्डरमध्ये करावी. ती दुसऱ्या डिस्कवर किंवा डिस्कच्या दुसऱ्या भागावर असली तर अशी अदलाबदल होऊ शकत नाही. तेथे नक्कल करून जुनी फाईल पुसावी लागते, आणि मूळचा धोका परत येतो. दुसरे पथ्य म्हणजे एफसिंक गाळू नये.

हे दुसरे पथ्य गाळल्यास काय होते, ते २००९ साली जगाने पाहिले. लिनक्सची ईएक्सटी-४ ही फाईल ठेवण्याची नवी पद्धत २००८ च्या डिसेंबरमध्ये पक्की म्हणून जाहीर झाली होती. ती मजकूर डिस्कवर उतरवायला आधीच्या पद्धतीपेक्षा अधिक वेळ घेई. संगणक अचानक बंद पडल्यावर उबुंटू वापरणाऱ्यांना आपल्या कित्येक फाईली शून्य लांबीच्या झालेल्या आढळल्या. नाव नवे झाले होते, मजकूर डिस्कवर आलाच नव्हता. ही पद्धत विकसित करणारे थिओडोर त्सो यांचे म्हणणे असे होते, की प्रोग्रॅमरनी एफसिंक वापरायलाच हवे. तरीही त्यांनी अशा अदलाबदलीच्या वेळी मजकूर आधी उतरवण्याची तरतूद केली, आणि ती त्याच वर्षी लिनक्सच्या २.६.३० आवृत्तीत आली.

चूक फक्त नवशिके करतात असेही नाही. अमेरिकेतील विस्कॉन्सिन विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१४ साली गिट, एसक्यूलाइट, पोस्टग्रेसक्यूएल यांसारखे ११ नामांकित प्रोग्रॅम तपासले. संगणक मध्येच बंद पडला तर माहिती बिघडू शकेल अशा ६० जागा त्यांना सापडल्या.

कुलूप नावाला नसते, फाईलला असते

आता मुख्य मुद्द्याकडे येऊ. फाईलचे नाव आणि फाईल या दोन वेगळ्या वस्तू आहेत. फोल्डर म्हणजे एक यादी असते. त्या यादीत नावापुढे एक क्रमांक असतो. त्या क्रमांकाच्या नोंदीत फाईलचा मालक कोण, गट कोणता, वाचण्या-लिहिण्याची परवानगी कोणाला, हे सारे असते. युनिक्सच्या भाषेत या नोंदीला 'आयनोड' म्हणतात. कुलूप या नोंदीला लावलेले असते, नावाला नाही.

रिनेम केले म्हणजे काय झाले? नाव तेच राहिले, पण त्याच्यापुढचा क्रमांक बदलला. जुनी नोंद तिच्या कुलपासकट गेली. नव्या फाईलला तिचे स्वतःचे कुलूप आहे, म्हणजे ती तयार होताना जे लागले ते. पाटी जुनी, दुकान नवे, आणि शटरला कुलूप भलतेच.

एका दुकानाचे उदाहरण

समजा, एका कापड दुकानात लिनक्सचा संगणक आहे आणि त्यावर तिघांची स्वतंत्र खाती आहेत. एक मालक, दुसरे मुनीम, तिसरा काउंटरवरचा मुलगा. उधारीची फाईल मालकाच्या नावावर आहे. 'हिशेब' या गटात मालक आणि मुनीम आहेत. काउंटरवरच्या मुलाने बिले करायची, उधारी पाहायची नाही.

लिनक्समध्ये परवानगी तीन आकड्यांनी सांगतात. पहिला आकडा मालकाचा, दुसरा गटाचा, तिसरा इतर सर्वांचा. वाचण्याचे ४, लिहिण्याचे २, प्रोग्रॅम म्हणून चालवण्याचा १. त्यांची बेरीज म्हणजे परवानगी. आपल्या फाईलची परवानगी ६६० आहे. मालक वाचू-लिहू शकतो, गट वाचू-लिहू शकतो, इतरांना शून्य.

मालकाने एका गिऱ्हाइकाची जमा टाकली आणि सेव्ह केले. प्रोग्रॅमने नेहमीच्या रीतीने नवी फाईल केली. नवी फाईल करताना प्रोग्रॅम सहसा ६६६ मागतो, आणि संगणक त्यातून 'यू-मास्क' नावाची काटछाट करतो. ही काटछाट सामान्यतः ०२२ असते, म्हणून उरते ६४४. गटही 'हिशेब' न राहता मालकाच्या खात्याचा जो नेहमीचा गट असेल तो लागतो. नंतर रिनेम झाले.

परिणाम काय? तिसरा आकडा ० होता, तो ४ झाला. काउंटरवरचा मुलगा आता संपूर्ण उधारी वाचू शकतो. कोणत्या घरावर किती बाकी, कोणाचा हप्ता थकला, सारे. गिऱ्हाइकाने विश्वासाने सांगितलेली अडचण आपल्याकडची अमानत असते. ती बाजारात गेली तर पैशाचे नुकसान एक वेळ भरून येईल, तुटलेले गिऱ्हाईक परत येणार नाही. दुसरीकडे मुनिमांची उलटी अडचण झाली. ते आता 'इतरां'मध्ये गेले. त्यांचा प्रोग्रॅम फाईल लिहिण्यासाठी उघडू गेला की संगणक नकार देतो. ज्याला दार बंद हवे त्याच्यासाठी ते उघडले, आणि ज्याला उघडे हवे त्याच्यासाठी बंद झाले.

प्रोग्रॅमर जरा सावध असेल तर तो तात्पुरत्या फाईलसाठी 'एमके-एस-टेम्प' ही आज्ञा वापरतो. ती फाईल ६०० परवानगीने तयार करते. येथे उधारी फुटत नाही, पण मुनीम पूर्णपणे बाहेर राहतात. मग दुकानात हमखास एक चूक होते. कोणीतरी म्हणतो, "परवानगीची कटकट नको, सगळ्यांना उघडून द्या," आणि फाईल ६६६ केली जाते. प्रोग्रॅमच्या दोषावर कुलूप काढून टाकण्याचा हा उपाय रोगापेक्षा वाईट आहे.

योग्य क्रम

मग करावे काय? पुढील क्रम प्रोग्रॅमरने पाळावा. येथे क्रमालाच महत्त्व आहे.

१) जुन्या फाईलचा मालक, गट आणि परवानगी आधी वाचून ठेवावी.

२) त्याच फोल्डरमध्ये तात्पुरती फाईल करावी, आणि ती जन्मतःच ६०० असावी. आधी ६४४ ने करून नंतर परवानगी कमी करू, असे म्हणू नये. मधल्या क्षणात कोणी फाईल उघडून बसला, तर नंतर कुलूप लावून उपयोग नाही. परवानगी फाईल उघडताना तपासली जाते. आधीच आत शिरलेल्याला नवे कुलूप बाहेर काढत नाही.

३) सगळा हिशेब लिहावा, आणि प्रत्येक लिहिणे यशस्वी झाले की नाही ते तपासावे.

४) आधी मालक व गट जुन्यासारखे करावेत, त्यानंतर ६६० परवानगी द्यावी. उलटे केले तर काही क्षण चुकीच्या गटाला फाईल उघडी राहते. शिवाय मालक बदलताना काही विशेष परवानग्या संगणक आपणहून काढून टाकतो.

५) एफसिंक करावे. ते अयशस्वी झाले तर रिनेम करू नये. तात्पुरती फाईल टाकून द्यावी, जुनी तशीच ठेवावी, आणि वापरणाऱ्याला स्पष्ट सांगावे. एफसिंक पुन्हा एकदा करून 'झाले' असे उत्तर आले म्हणून विश्वास ठेवू नये. लिनक्सवर दुसऱ्या वेळी यश दिसते, पण मजकूर मात्र डिस्कवर गेलेला नसतो, असे होऊ शकते. हा प्रकार २०१८ साली पोस्टग्रेसक्यूएलच्या जाणकारांमध्ये मोठ्या चर्चेचा विषय झाला, आणि २०१९ मध्ये त्यांना आपली रीत बदलावी लागली.

६) आता रिनेम करावे. कुलूप आधीच लागलेले असल्याने एक क्षणही फाईल चुकीच्या परवानगीने उभी राहत नाही.

७) शेवटी फोल्डरचेही एफसिंक करावे. नावाची अदलाबदल ही फोल्डरमधील नोंद आहे, तीही डिस्कवर पक्की व्हायला हवी. नाहीतर वीज गेल्यावर पूर्ण पण जुनी खतावणी परत येते, आणि दिलेली पावती वहीत सापडत नाही.

पायथॉन भाषेत काम करणाऱ्या मुलांसाठी एक सूचना. त्या भाषेत २०१२ च्या ३.३ आवृत्तीपासून 'ओएस.रिप्लेस' ही अदलाबदलीची सोय आहे. पण ती फक्त अदलाबदल करते, कुलूप नेत नाही. 'कॉपीमोड' ही आज्ञा परवानगीचे आकडे नेते, मालक व गट नेत नाही. ते वेगळे करावे लागते.

अडचणीच्या जागा

वरचा क्रम मालकाने सेव्ह केले तर नीट चालतो. मुनिमांनी सेव्ह केले तर? नवी फाईल मुनिमांच्या नावावर होते, आणि ती मालकाच्या नावावर करण्याचा अधिकार लिनक्समध्ये साध्या खात्याला नसतो. तो 'रूट' या मुख्य खात्यालाच असतो. यावर प्रोग्रॅमच रूट म्हणून चालवणे हा चुकीचा मार्ग आहे. तसे एकदा केले की फाईल रूटच्या नावावर जाते आणि दुसऱ्या दिवशी मालकालाच उघडत नाही.

येथे दोन चांगले मार्ग आहेत. पहिला, फोल्डरवर 'सेट-जीआयडी' ही खूण लावणे. मग त्यात होणारी प्रत्येक नवी फाईल आपोआप 'हिशेब' गटाची होते. फाईल मालकाच्या नावावर असो वा मुनिमांच्या, गट एकच राहिल्याने दोघांचे काम चालते. दुसरा मार्ग, जेथे मालकी बदलून चालणारच नाही तेथे जुन्या फाईलची पूर्ण नक्कल आधी बाजूला पक्की करावी, आणि मग मूळ फाईलमध्येच लिहावे. मध्येच बिघाड झाला तर नक्कल परत आणता येते. 'व्हिम' या जुन्या एडिटरमध्ये यासाठी 'बॅकअप-कॉपी' नावाची निवड दिलेली आहे, आणि 'ईमॅक्स'मध्येही मालक किंवा गट बदलणार असेल तर नक्कल करून लिहिण्याची सोय आहे. अनुभवी प्रोग्रॅमना ही अडचण केव्हाच कळली होती, हे यावरून दिसते.

काही ठिकाणी तीन आकड्यांपेक्षा बारीक यादी असते. अमुक माणसाला वाचू द्या, तमुकाला लिहू द्या, अशी. तिला 'एसीएल' म्हणतात. फक्त आकडे नेले तर ही यादी गळून पडते, आणि कधी कधी गटाला मूळच्यापेक्षा जास्त अधिकार मिळतो. म्हणून यादीही सोबत न्यावी. ती नेता आली नाही तर परवानगी कमी ठेवून वापरणाऱ्याला सांगावे. शंका असेल तेव्हा दार बंद ठेवणे बरे.

फाईल म्हणून जे दिसते ते कधी दुसऱ्या जागी असलेल्या फाईलकडे बोट दाखवणारे नुसते नाव असते. त्याला 'सिंबॉलिक लिंक' म्हणतात. त्यावर रिनेम केले तर नवी फाईल त्या बोटाच्या जागी बसते, आणि खऱ्या जागची खतावणी जुनीच राहते. प्रोग्रॅमने आधी खरी जागा शोधून तेथेच अदलाबदल करावी.

फोल्डरचेही लक्षात ठेवा. रिनेम करायला फाईलवर नव्हे, फोल्डरवर लिहिण्याची परवानगी लागते. फाईल 'फक्त वाचा' अशी केली, पण फोल्डर सर्वांना उघडे ठेवले, तर कोणीही तुमची खतावणी हलवून त्या नावाने दुसरी ठेवू शकतो. तिजोरीला कुलूप आहे, पण तिजोरीच उचलून नेता येते, असा तो प्रकार होतो.

आणि पेनड्राईव्ह. बाजारातले बहुतेक पेनड्राईव्ह फॅट-३२ किंवा एक्स-फॅट पद्धतीचे असतात. त्यांत कोणाला परवानगी आणि कोणाला नाही, हे लिहून ठेवायला जागाच नसते. हिशेब त्यावर नेऊन परत आणला की जुने कुलूप संपले असे समजावे, आणि ते पुन्हा लावावे.

विंडोज वापरणाऱ्यांसाठी

आपल्यापैकी बहुतेकांच्या दुकानात विंडोज आहे. तेथेही तत्त्व हेच. विंडोजमध्ये नवी फाईल सामान्यतः फोल्डरची परवानगी उचलते. तुम्ही एखाद्या फाईलला मुद्दाम वेगळे कुलूप लावले असेल, तर साध्या अदलाबदलीत ते जाते. यासाठी विंडोज २००० पासून 'रिप्लेस-फाईल' नावाची आज्ञा उपलब्ध आहे. ती जुन्या फाईलच्या परवानग्या नव्या फाईलला लावते. मात्र ती मध्येच अडू शकते, म्हणून प्रोग्रॅमरने तिला जुन्या फाईलची प्रत ठेवण्याचे नावही द्यावे. वापरणाऱ्याने शक्यतो हिशेबासाठी स्वतंत्र फोल्डर करावा आणि कुलूप फोल्डरलाच लावावे. मग आत नवी फाईल आली तरी तिला तेच कुलूप लागते.

रोज शेकडो नोंदी असतील तर

ज्या पेढीत दिवसभर नोंदी चालतात, तेथे प्रत्येक नोंदीला संपूर्ण फाईल नव्याने लिहिणे शहाणपणाचे नाही. दोघांनी एकाच वेळी सेव्ह केले तर नंतरचा आधीच्याची नोंद पुसतो, आणि रिनेम हे थांबवू शकत नाही. तेथे डेटाबेस वापरावा. २००० साली आलेला एसक्यूलाइट फुकट मिळतो आणि लहान दुकानाला पुरेसा आहे. तो मूळ फाईल जागच्या जागीच बदलतो, म्हणून तिचा मालक व परवानगी हलत नाहीत. बदल करण्यापूर्वी तो शेजारी 'जर्नल' नावाची टिपण-फाईल करतो, आणि तिला मूळ फाईलचीच परवानगी लावतो. वीज गेली तर त्या टिपणावरून तो हिशेब पूर्ववत करतो. म्हणून ती फाईल कचरा समजून पुसू नये.

स्वतः तपासून पाहा

यासाठी प्रोग्रॅमर असण्याची गरज नाही. खऱ्या हिशेबावर प्रयोग न करता फाईलची एक नक्कल घ्या. विंडोजमध्ये तिच्या 'प्रॉपर्टीज'मधील 'सिक्युरिटी' पाहून कोणाला काय परवानगी आहे ते कागदावर लिहा. लिनक्समध्ये 'एलएस' आज्ञेने लांब यादी काढून मालक, गट आणि परवानगी टिपा. मग तुमच्या प्रोग्रॅममध्ये ती नक्कल उघडून एक नोंद टाका, सेव्ह करा, आणि पुन्हा पाहा. काही बदलले असेल तर दोष सापडला. हीच तपासणी मुनिमांच्या खात्यातूनही करा, कारण पुष्कळ दोष दुसऱ्या माणसाने सेव्ह केल्यावरच दिसतात.

त्या फोल्डरमध्ये जुन्या तात्पुरत्या फाईली किंवा 'बॅकअप' पडल्या आहेत का, तेही बघा. त्यांत तोच हिशेब असतो. मुख्य फाईलला कुलूप आणि तिची नक्कल उघडी, अशी स्थिती फार ठिकाणी आढळते.

प्रोग्रॅम करून देणाऱ्याला पैसे चुकते करण्यापूर्वी हे पाच प्रश्न विचारा. सेव्ह चालू असताना लाईट गेली तर मला जुना हिशेब पूर्ण मिळेल का? डिस्क भरली तर प्रोग्रॅम मला सांगेल की गप्प राहील? सेव्ह केल्यावर फाईलचा मालक, गट आणि परवानगी तीच राहते का? मुनिमांनी सेव्ह केले तरी राहते का? तात्पुरत्या व बॅकअप फाईलींना कोणते कुलूप आहे? ज्याने काम नीट केले आहे तो या प्रश्नांनी रागावणार नाही, समोर करून दाखवील. "तसे कधी होत नाही," एवढेच उत्तर मिळाले, तर तपासणी तुम्हीच करा.

उधारीच्या वहीत दोन माणसांचा विश्वास असतो. गिऱ्हाइकाला खात्री हवी, की त्याने दिलेली रक्कम वहीतून नाहीशी होणार नाही. त्याला हीही खात्री हवी, की त्याची बाकी चारचौघांत वाचली जाणार नाही. पहिली खात्री तात्पुरती फाईल, एफसिंक आणि रिनेम देतात. दुसरी खात्री रिनेमच्या आधी लावलेले जुने कुलूप देते. आज दुकान बंद करण्यापूर्वी आपल्या हिशेबाच्या फाईलची परवानगी एकदा उघडून पाहा.